किरुमाच्या रानातल्या दोन सुना

मघांगाच्या दारात मोटार थांबली, की त्याची बायको म्शाई आधी चहाचं आधण ठेवते आणि मग बाहेर येऊन कोण आलंय ते बघते. तिचं म्हणणं, येणारा कुणी का असेना, चहा तर त्याला लागणारच. चौकशी काय, मागाहून करता येते. त्या सोमवारी ती बाहेर आली तेव्हा वावुदा अंगणात मघांगाचे दोन्ही हात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं.

"म्झे, पाखरं दरी ओलांडतात," ती म्हणत होती. "आपले कस्तूर दरी ओलांडतात."

म्झे म्हणजे वडीलधारा. वावुदा त्याला पहिल्या दिवसापासून म्झेच म्हणायची. ती पलीकडच्याच डोंगरावरची मुलगी. विसाव्या वर्षी शिकायला म्हणून मघांगाच्या हाताखाली आली, तेव्हा जाळ्यात अडकलेलं पाखरू पाहून तिचेच हात लटलटायचे. मघांगानं तिला शिकवलं की पाखराला धरायचं नसतं, त्याला आपल्या मुठीत बसू द्यायचं असतं. आता ती नैरोबीच्या प्रयोगशाळेत डॉक्टरीणबाई झाली होती, आणि मघांगा होता तिथंच होता. अठ्ठावीस वर्षं तो रानात बारीक जाळी लावत होता, पाखरांच्या पायात नंबराच्या कड्या घालत होता, पंखाखालून रक्ताचा एक थेंब घेत होता आणि सगळं वहीत टिपून पाखरू सोडून देत होता. बिनकडीचं एकही पाखरू आपल्या हातून सुटलेलं नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. का सांगायचा, ते पुढं येईलच.

आमच्या ताइता डोंगरांवर जुनं रान आता ठिगळाठिगळानं उरलंय. त्या ठिगळांत हा नारिंगी चोचीचा काळा कस्तूर राहतो. इथं सोडून जगाच्या पाठीवर तो कुठंच नाही. दिवसभर झाडांखालच्या अंधारात पाला उलटत बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. उघड्या शेतावरून उडायचं म्हटलं, की त्याच्या जिवावर येतं. दरीच्या त्या अंगाला किरुमाचं मोठं रान, या अंगाला मघांगाच्या घरामागचं इशाघाचं छोटं रान, आणि मध्ये नुसती मक्याची शेतं आणि निलगिरी. वावुदानं चार वर्षं त्या रक्ताच्या थेंबांचा अभ्यास केला होता. प्रत्येक रानातल्या पाखरांचं घराणं वेगळं झालंय, असं तिला दिसलं. बोलण्यावरून माणूस कुठल्या डोंगराचा ते आम्हाला कळतं, तसं रक्तावरून पाखरू कुठल्या रानाचं ते तिला कळायचं. आणि आता इशाघातल्या एकोणीस पाखरांत तिला किरुमाचं रक्त सापडलं होतं.

"म्हणजे झालं काय?" म्शाईनं कप पुढं करत विचारलं.

"म्हणजे आई, तिथली पाखरं आपण होऊन इथं येतात. सोयरीक चालू आहे."

"मग ती ये-जा आम्हाला कधी दिसली कशी नाही? आम्ही तर इथंच मेलोय."

वावुदा हसली. "जाळ्यात जे येत नाही, ते रक्तात दिसतं. गुरुवारी वुंदान्यीला वनखात्याची बैठक आहे. दरीतली निलगिरी काढून रानझाडांचा पट्टा लावायचा की नाही, ते ठरणार आहे. मी हे मांडलं, की पट्ट्याची गरजच उरत नाही. इशाघाची काळजी मिटली, म्झे. उद्या या हंगामातली शेवटची जाळी लावू. आशीर्वादाचा कुतासा तुम्हीच करायचा. तुमच्यामुळे झालंय सगळं."

मघांगानं मान हलवली. कप त्यानं तसाच खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याला वाटलं, की आता आपल्या कपाळावर सगळं लिहिलेलं दिसतंय. पण वावुदाला काही दिसलं नाही. तिनं म्शाईच्या हातचा किमांगा पोटभर खाल्ला, थोडा पानात बांधूनही घेतला आणि ती गेली.

मोटार वळणाआड गेली तशी म्शाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता?"

"आता काय?"

"अकरा वर्षं मी तोंड मिटून आहे. तुझ्या त्या कोटाचा खिसा मीच धुतला होता. आत कस्तुराची पिसं आणि शीट. मला काय वाटलं, नवरा खिशात पेरू घेऊन फिरला?"

मघांगानं मान खाली घातली. ती पिसं खरी होती.

त्या वर्षी इशाघात लागोपाठ दुसऱ्या हंगामात एकही तरणी मादी जाळ्यात आली नव्हती. चौदा नर आणि एक म्हातारी मादी. नर पहाटेपासून गळा काढून गायचे आणि ऐकायला कुणी नसायचं. मघांगाची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. इशाघाच्या मधोमध आमची फिगी आहे, वाडवडिलांची राखलेली जागा. तिथलं झाड तोडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. ती जागा तिच्या घराण्यानं सांभाळलेली. खिडकीतून ती पाखरं ऐकायची आणि म्हणायची, "अरे, गावात नुसते नवरेच नवरे. नवरी आणायची कुणाला सुचत नाही का?" म्हातारीनं ते गमतीनं म्हटलं. मघांगानं मनावर घेतलं.

आमच्याकडे जुन्या रीतीनं नवरी पलीकडच्या डोंगरावरून खांद्यावर घालून आणतात. वाटेत तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. म्शाईलाही किरुमाच्या अंगाकडून चौघांनी तशीच आणली होती. चौघांतला एक अजून कंबर धरून चालतो आणि दोष म्शाईला देतो. मघांगाला वाटलं, माणसांना चालतं तर पाखरांना का नको? किरुमात जाळी लावायला गेला तेव्हा त्यानं दोन माद्या बाजूला काढल्या. नर-मादी दिसायला सारखेच. पण अंडी उबवताना मादीच्या पोटावरची पिसं झडतात. ती पिसं नुकती परत उगवू लागलेल्या माद्या त्यानं मुद्दाम निवडल्या, म्हणजे पिल्लं उडून गेली असणार, मागं उपाशी कुणी राहणार नाही. दोन कापडी पिशव्या, दोन खिसे. गच्च भरलेल्या गाडीत उजव्या खिशातली ओरडली, की हा खोकायचा. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "बाबा, छातीला काही तरी लावा." इशाघात येऊन त्यानं दोघींना फिगीजवळ सोडलं. कडी घातली नाही. वहीत लिहिलं नाही. परवानगी मागितली असती तर कुणी दिली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठवड्याभरात आई गेली, पण जायच्या आधी एका सकाळी तिनं विचारलं होतं, "आज ते वेगळं गातायत का रे?" त्या एका प्रश्नासाठी तो त्या दोन पाखरांचे आजवर मनोमन आभार मानत आला होता.

"माझ्या बापाला तू तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं होतंस," म्शाई म्हणाली. "पोरगी आमच्याकडे आहे, सुखरूप आहे. सांगितलं म्हणून ते लग्न झालं, नाही तर चोरीच होती. ह्या दोघींच्या माहेरी अकरा वर्षं झाली, कुणी कळवलं?"

"सांगितलं तर त्या मुलीची चार वर्षं मातीत जातील. माझं नाव जाईल ते वेगळंच."

"आणि नाही सांगितलंस तर पट्टा जाईल. आणखी दोन म्हाताऱ्या झाल्या, की पुन्हा कोट घालून निघणार आहेस का? तुझ्यानं आता गाडीत चढवत नाही."



दुसऱ्या दिवशी सकाळी फिगीपाशी तिघं जमले: मघांगा, वावुदा आणि म्हातारा न्याम्बू. फिगीच्या कामाला एक साक्षीदार लागतो आणि न्याम्बूला घरी कुणी कामाला लावत नाही, म्हणून तो नेहमी मोकळाच. धुकं झाडांत अडकलं होतं. भोपळ्याच्या तुंब्यात उसाचा ताजा रस होता.

कुतासाशिवाय आमच्याकडे कुठलंही मोठं काम सुरू होत नाही. चार शुभ शब्द बोलायचे, रसाचा घोट तोंडात घ्यायचा आणि फुर्र करून जमिनीवर उडवायचा. त्या घोटाबरोबर मनातला राग, किल्मिष सगळं बाहेर पडतं. पोटात काही दडवून जो कुतासा करतो, त्याचा आशीर्वाद ज्याला दिला त्याच्यावरच उलटतो, असं जुनी माणसं सांगतात. मघांगा चर्चमध्ये नेमानं जाणारा माणूस. पण याला तो घाबरायचा.

"आटप रे," न्याम्बू म्हणाला. "पाखरं जेवून झोपायला जातील."

मघांगानं वावुदाच्या कामाला यश मागितलं. इशाघाला आयुष्य मागितलं. घोट घेतला. समोर वावुदा डोळे मिटून, हात जोडून उभी होती. त्या मिटल्या डोळ्यांवर हा आशीर्वाद उलटा जाऊन बसेल, असं त्याच्या मनात आलं आणि तोंडातला रस त्यानं गिळून टाकला.

न्याम्बू पुढं वाकला. "गिळलास?"

"गिळला."

"सत्त्याहत्तर वर्षांत मी असं पाहिलं नाही. तहान लागली होती तर वेगळा मागायचास."

"वावुदा," मघांगा म्हणाला, "ती पाखरं आलेली नाहीत. मी आणली."

तिनं डोळे उघडले. आधी ती थोडी हसलीच. म्हाताऱ्यांची काही तरी थट्टा चालली असेल असं तिला वाटलं. मग ती हसायची थांबली.

"कधी?"

"अकरा वर्षं झाली. मोठ्या पावसाच्या आधी."

"किती?"

"दोन. दोन्ही माद्या."

"कड्या?"

"नाही घातल्या."

हे शेवटचं तिला सगळ्यांत जास्त लागलं. "त्या पाखरांवर माझं चार वर्षांचं काम उभं आहे, म्झे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुमच्या वह्यांत आणखी काय काय लिहायचं राहिलंय?"

मघांगानं नुसती मान हलवली. काही नाही, असं म्हणायचं होतं. पण आता त्याच्या 'नाही'ला किंमत काय? लावायला आणलेली जाळी तिनं एकटीनंच परत गुंडाळली. घाईत गुंडाळली, त्यामुळे दोरे एकमेकांत अडकले, पीळ बसले. मघांगाचे हात शिवशिवत होते. पण पुढं होऊन सोडवायचं त्याला धाडस झालं नाही. ती निघून गेली.

मंगळवार गेला. बुधवारी गाईनं अर्धंच दूध दिलं. न्याम्बू कुंपणापाशी येऊन म्हणाला, "त्या मुलीचा राग आहे तो. तिला दोष नाही हं. खरा राग कुठं तरी उतरतोच. इतकी वर्षं नाकानं कांदे सोलत होतास, बिनकडीचं पाखरू सोडलं नाही म्हणून. बोलणं फार महाग पडतं रे."

"गाईला पाला कमी पडलाय," म्शाईनं आतून सांगितलं. "आणि न्याम्बूला काम."

मघांगानं अठ्ठावीस वह्या पोत्यात भरल्या आणि पोतं दारापाशी आणून ठेवलं. न्यायला कुणी आलं तर शोधाशोध नको. वाईट वाटत होतं. पण छातीवरचा जुना धोंडा उतरला होता, हेही खरं. अकरा वर्षांनी त्यानं नीट श्वास घेतला आणि म्शाईचे, तिच्या त्या फटकळ तोंडाचे, त्यानं मनात आभार मानले. तिला बोलून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, ताप आलाय का.

गुरुवारी सकाळी मोटार आली. वावुदा उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "बसा, म्झे. कोट घाला, वर गार आहे."

कोट म्हटल्यावर म्शाई आत जाऊन तोंड लपवून हसली.

निलगिरीचं वळण मागं पडल्यावर वावुदा म्हणाली, "दोन दिवस सगळं पुन्हा मांडून बघितलं. एकोणीसच्या एकोणीस पाखरं फक्त दोन माद्यांपाशी जाऊन पोचतात. आपण होऊन आलेलं त्यांत एकही नाही. मग तुमच्या वह्यांच्या नकला काढून बसले. अठ्ठावीस वर्षांत किरुमात घातलेली कडी इशाघात एकदाही सापडलेली नाही. एकदाही. ते तुमच्या वह्यांत पहिल्यापासून होतं. मला पाखरं यायला हवी होती, म्हणून मी ते बघितलं नाही."

"म्हणजे वह्या..."

"वह्या खऱ्या आहेत. न लिहिलेल्या त्या दोन ओळी सोडून सगळ्या खऱ्या आहेत."

मघांगानं तोंड खिडकीकडे फिरवलं. डोळे भरून आले होते आणि ते तिनं बघू नये असं त्याला वाटत होतं.

"आणखी ऐका," ती म्हणाली. आता तिचा आवाज कडक होता. "त्या दोघी आल्या नसत्या, तर आज इशाघात बहुतेक काही उरलं नसतं. पण त्यांच्याबरोबर एखादा रोग आला असता, तर तेव्हाच सगळं संपलं असतं. तुमचं नशीब चांगलं होतं. नशिबाला अक्कल म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"आणि बैठकीत तुम्हीच सांगायचं. मी नाही."

वुंदान्यीच्या त्या खोलीत लांब टेबलाभोवती नऊ-दहा माणसं होती. वावुदानं आधी आपले तक्ते दाखवले, सोमवारी सांगायचं ठरवलं होतं त्याच्या अगदी उलटं सांगितलं आणि ती खाली बसली. मघांगा उभा राहिला. गाडीत त्यानं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही आठवेना.

"मी किरुमातून दोन सुना पळवून आणल्या," तो म्हणाला. "न विचारता आणल्या. त्यांच्या माहेरी कळवायला मला अकरा वर्षं लागली. त्या चांगल्या नांदल्या. त्यांची नातवंडं, पणतवंडं आज इशाघात आहेत. मी त्यांचा उपकार विसरणार नाही. पण सून खिशातून आणायची नसते. तिला यायला वाट करून द्यायची असते. ती वाट तुम्ही करा, एवढं मागायला आलोय. मला काय करायचं ते करा."

कुणी तरी हसलं, कुणी तरी खाकरलं. मग बराच खल झाला. दरीतला पट्टा लावायचा ठरला, पुढच्या पावसात वरच्या टोकापासून सुरुवात. आणि मघांगाचा जाळी लावायचा परवाना काढून घ्यायचं ठरलं. कायमचा. त्यानं मान तुकवली. न्याय चुकीचा आहे असं त्याला वाटलं नाही. फक्त हात एकदम रिकामे वाटले, म्हणून त्यानं ते कोटाच्या खिशात घातले.

परतताना वावुदानं मोटार घराकडे न वळवता इशाघाच्या तोंडाशी उभी केली. दोघं पायवाटेनं फिगीपर्यंत चालत गेले. ऊन वर होतं, आत सावली. डाव्या हाताला पाला खसखसत होता. एक कस्तूर पान उचलून बाजूला टाकत होता, पुन्हा एक उचलत होता. त्याच्या पायात कडी होती. मघांगाला लांबूनच नंबर आठवला. ती त्यानंच घातली होती, गेल्या वर्षी.

"हा त्यांतलाच," वावुदा हळूच म्हणाली. "उजव्या खिशातलीचा नातू."

"खिसा कसा कळला?"

"नाही कळला. मी आपलं म्हटलं."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मघांगाला वाटलं, तिला तहान लागली असेल. तिनं बाटली दोन्ही हातांत धरली, जसा तुंबा धरतात तशी, आणि फिगीकडे तोंड केलं.

"माझ्या पोटात राग होता," ती म्हणाली. "खरा राग होता. चार वर्षांचा होता. त्याच्याखाली चौदा वर्षांची माया होती, ती तशीच आहे. ह्या म्हाताऱ्यानं मला पाखरू हातात बसू द्यायला शिकवलं, आणि स्वतःचं नाव जात असताना मला खोटं मांडू दिलं नाही. ह्याच्या घरी दूध असू दे. ह्याचे गुडघे चालू देत. पट्टा वाढू दे, आणि ह्याच्या सुनांची लेकरं माहेरी पायी जाऊ देत."

तिनं घोट घेतला. गाल फुगवले आणि फुर्र करून तो उडवला. सवय नसल्यामुळे निम्मा जमिनीवर पडला आणि निम्मा मघांगाच्या तोंडावर. कस्तूर उडून दोन झाडं पलीकडे गेला आणि तिथं पुन्हा पाला उलटू लागला.

मघांगानं तोंड पुसलं नाही. "मी तुझा फार आभारी आहे, पोरी," तो म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. पण तेवढंच बाहेर आलं, आणि तेवढं पुरलं.

घरापाशी आल्यावर वावुदानं मोटारीच्या मागच्या भागातून एक बोचकं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. मंगळवारी तिनं गुंडाळलेली जाळी होती ती. सगळे दोरे एकमेकांत गुंतलेले.

"हे मला सोडवून द्या. परवाना लावायचा गेलाय, सोडवायचा नाही."

मघांगा पायरीवर बसला आणि डोळे बारीक करून जाळ्याचं टोक शोधू लागला. आत म्शाईनं मोटारीचा आवाज ऐकून आधीच आधण ठेवलं होतं.